तळ्याचे दगड धुतले त्या खंडेनवमीला

सोसायटीच्या दिवाळी अंकात मी लिहावं असं कुणाला का वाटलं, मला माहीत नाही. सेक्रेटरीची सून वर आली, म्हणाली, "काका, तुम्ही जन्मभर पंपांची कामं केलीत. त्यातलं काहीतरी गमतीशीर लिहून द्या ना." मी म्हटलं, पोरी, मी चौथी पास. ती म्हणाली, बोलता तसंच लिहा, शुद्धलेखन मी बघते. म्हणून हे बोलल्यासारखंच आहे. गमतीशीर किती होईल सांगता येत नाही. माझी बायको सुगंधा गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही. खालच्या टाकीचा पंप जरा वेगळा वाजला की मी अजून मान वळवतो, तिला सांगायला, की बघ, बेअरिंग गेलं.

माझं मूळ काम बिल्डिंगींचे पंप. घाटकोपर, मुलुंड, भांडुप, कधी बोरिवलीपर्यंत. खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत चढवायचं, एवढंच. पंप बिघडला की लोक देवासारखी वाट बघतात आणि सुरू झाला की ओळख दाखवत नाहीत. पण ऐंशी सालानंतर उपनगरात काही लोकांकडे पैसा आला नि त्यांना शोभेचं पाणी हवंसं झालं. कारंजी, धबधबे. अंधेरीला एकाने दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये माझ्याकडून धबधबा करून घेतला. मी नको म्हणालो होतो. पहिल्या मजल्यावरच्यांना तो फुकटात मिळाला. मुलुंडला एक डॉक्टर होते, त्यांनी परसात माशांचं तळं खणून घेतलं, ते रविवारी त्यात पाय सोडून पेपर वाचायचे. पेशंट आला तरी पाय बाहेर काढत नसत.

घाटकोपरच्या शेठचं काम यातलंच, पण त्यात गंमत थोडी.

घाटकोपर पूर्वेला आतल्या रस्त्यावर त्यांचा बंगला. जैन माणसं. शेठ धंद्यानिमित्त जपानला जाऊन आले आणि येताना मासे घेऊन आले. कसे आणले ते मी विचारलं नाही. कोई म्हणतात त्यांना. आपल्या रोहू-कटल्याच्या लांबच्या नात्यातले, पण रंग असे की कुणीतरी बसून ब्रशने काढलेत. पांढऱ्यावर लाल, एक अख्खा सोनेरी, एक काळा. शेठनी सांगितलं, नीट ठेवले तर हे मासे माणसाइतके जगतात. मी थक्क. आमच्या कोकणात मासा दुपारपर्यंत जगला तरी खूप.

सुगंधाला मी बघायला नेली. ती तळ्यापाशी उकिडवी बसली नि हळूच म्हणाली, "ह्येच्या एकाच्या कालवणात आख्खी चाळ जेवात." मी तिला कोपर मारलं. मागे शेठची आई उभी होती. पण त्यांना मालवणी कळली नसावी, किंवा कळली असेल तर त्यांनी दाखवलं नाही.

त्या माउलीला सगळे बा म्हणायचे. मीही. बा गुजरातीत बोलायच्या, मला कळायचं, म्हणून इथे मराठीत लिहितो. सूर्य मावळल्यावर बा स्वतः जेवत नसत, आणि माशांनाही जेवू देत नसत. कणकेच्या गोळ्या, उकडलेला भात, पालक. सुकट, किडे असलं काही नाही. जपानचे मासे घाटकोपरला येऊन जैन झाले.

आता तळ्याचं काम म्हणजे काय ते सांगतो. मासा पाण्यातच खातो नि पाण्यातच हगतो. सूनबाई, हा शब्द कापू नका, यावरच सगळा धंदा उभा आहे. नदीत घाण वाहून जाते. परसातल्या तळ्यात जाणार कुठे? तिचं विष होतं. पाणी दिसायला काचेसारखं, पण माशाचे कल्ले आतून जळतात. म्हणून पाणी फिरतं ठेवायचं. तळ्याच्या तळाला उतार देऊन कोपऱ्यात खड्डा केला. तिथून जाड पाइपाने पाणी आपल्याच वजनाने पहिल्या पिंपात. त्यात नारळाचा काथ्या, मोठा गाळ तिथे अडकतो. मग दुसरं पिंप, दगडांचं. त्यातून पंप पाणी उचलतो आणि तळ्याच्या वरच्या अंगाला, भोकं पाडलेल्या पाइपातून खाली पाडतो. पडता पडता पाणी हवा घेतं. ती हवा माशाला.

खरी करामत दगडांच्या पिंपात. शेठनी जपानी पुस्तक दाखवलं, त्यात भोकाभोकांचे दगड होते. असले दगड मी कुठून आणणार? सुगंधा म्हणाली, "जांभो घाला. आमच्या विहिरीच्या जांभ्याक बारमाय शेवाळ रवता." तिच्या गावाहून ट्रकने जांभा आला. फोडून पिंपात भरला. महिन्याभरात त्यावर बुळबुळीत थर चढला. मासळी खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब माझ्या ओळखीचे होते, त्यांनी येऊन बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "मिस्त्री, हा थर जिवंत आहे. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक जीव. माशाचं विष हेच खातात. यांना वाहतं पाणी लागतं. पंप थांबवू नका नि दगड घासू नका." मला वाटलं चेष्टा करतात. शेवाळाच्या जिवावर एवढे महागाचे मासे?

बांना मात्र काही नवल वाटलं नाही. उलट सुरुवातीला त्या फिल्टरच्या विरोधातच होत्या. त्यांच्याकडे पिण्याचं पाणी फडक्यातून गाळतात आणि फडक्यावर राहिलेलं झटकून न टाकता पुन्हा जिथलं पाणी तिथेच सोडतात, जीव मरू नयेत म्हणून. त्यांनी मला विचारलं, "मिस्त्रीभाई, तुमच्या पिंपात जे जीव अडकतील त्यांचं काय?"

मी म्हटलं, "बा, अडकत नाहीत. तिथे राहतात. ते घर आहे त्यांचं."

"मरत नाहीत?"

"पाणी चालू असेतो नाहीत."

तेव्हा त्यांनी मान हलवली आणि काम पुढे गेलं.

विहिरीचा पंप पाणी भरलं की बंद करतात. हा पंप बंदच करायचा नव्हता. म्हणून मी अर्ध्या हॉर्सपॉवरचे दोन बसवले, आलटून पालटून. आणि बघायला चोवीस तास माणूस हवा. इथे शांताराम येतो.

शांताराम सुगंधाचा धाकटा भाऊ. परळच्या एका गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. संप झाला, गिरणी गेली, राहती जागाही गेली. बायको नि दोन मुलींना घेऊन तो आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आला. ते चालून गेलं असतं. पण हा माणूस बोलायचा थांबला. सकाळी आंघोळ करून, भांग पाडून दारात बसायचा, पाळी सुरू होण्याची वाट बघितल्यासारखा. भोंगा कुठला वाजणार. सुगंधा त्याला बघून आत येऊन भांडी आपटायची.

मी शेठना विचारलं. शेठ म्हणाले, तुमचा माणूस असेल तर आणा. मागच्या अंगणात नोकरांची खोली होती, ती मिळाली. शांताराम कुटुंबासकट तिथे गेला. दिवसभर पंपाजवळ स्टूल टाकून बसायचा. आवाज ऐकायचा. थोडा बदलला तरी मला दुकानावर फोन. "भावोजी, दोन नंबर जरा कण्हतोय." मुलींना शाळेत घातलं. पुन्हा बोलायला लागला, शिव्यासुद्धा द्यायला लागला. सुगंधा म्हणाली, "माजो भाव परत इलो." ती नोकरी गेली असती तर तो पुन्हा आमच्या दारात येऊन बसला असता नि या वेळी उठला नसता. हे मला माहीत होतं, तिलाही.

पहिल्याच दिवशी मी त्याला बजावलं होतं, पंप बंद नाही, दगडांना हात नाही. तो म्हणाला, "समजलं."

मग नवरात्र आलं. खंडेनवमीच्या दिवशी शांतारामचा निरोप आला, बायला, म्हणजे सुगंधाला, घेऊन जेवायला या, पूजा आहे. सुगंधा नवी साडी नेसली. आम्ही पेढे घेतले. मागच्या फाटकाने आत शिरलो, दुपारचं ऊन कडक. शांताराम धुतलेला लेंगा-सदरा घालून उभा, कपाळाला टिळा. त्याच्यासमोर सतरंजी अंथरलेली. सतरंजीवर माझे दोन्ही पंप.

उघडलेले. सुटे केलेले. प्रत्येक नट रॉकेलने धुवून फडक्यावर मांडलेला, पाती घासून लखलखीत, बॉडीला हिरवा रंग अजून ओला, त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ. बाजूला जांभ्याचे दगड उन्हात रांगेने वाळत घातलेले. धुण्याच्या सोड्याने घासलेले. लालभडक, जसे गावच्या खाणीतून आत्ता निघालेत.

शांताराम हसत होता. किती वर्षांनी इतका हसला असेल. "बघा भावोजी, कसं चकाचक मशीन. गिरणीत आम्ही असंच करायचो. खंडेनवमीला साचा थांबवायचा, उघडून धुवायचा, हार घालायचा. उद्या दसऱ्याला नारळ फोडून चालू."

तळ्याच्या वर पाणी पडत नव्हतं, ती शांतता मला आधी ऐकू आली.

"शांत्या," सुगंधा म्हणाली, "हे मासे तोंडा वर काढून कित्याक रवलेत?"

सगळे मासे वर आले होते. तोंडं पाण्याबाहेर काढून हवा गिळत होते, आवाज येत होता, चुप, चुप, चुप. काळा आडवा पडला होता.

"कधी बंद केलास?" मी विचारलं.

"सकाळी आंघोळ करून." त्याचा चेहरा अजून हसराच होता, फक्त डोळे माझ्याकडे लागले होते. "एक दिवसाचं ना भावोजी. माणसाला सुट्टी, मशीनला नको?"

"आणि दगड? दगडांना हात लावू नको म्हटलं होतं ना?"

"शेवाळलेले होते हो. देवापुढे तसे कसे मांडू?"

मी त्याला काय काय बोललो ते लिहीत नाही, पोरीबाळी वाचतील. सुगंधाने मला मागे ओढलं. "बोलणा नंतर. तुमी पंप जोडा. पाणी आमी बगतंव." तिने नव्या साडीचा काष्टा मारला आणि सरळ तळ्यात उतरली. कळशी भरायची, डोक्यावर उचलायची, वरून ओतायची. भरायची, उचलायची, ओतायची. पाण्यात हवा घालायचा दुसरा उपाय नव्हता. तिला तो कुणी सांगितला नव्हता. शांतारामची बायको उतरली, मुली उतरल्या, स्वयंपाकाचा महाराज धोतर खोचून उतरला. शेठ धावत आले नि नळाची नळी सोडायला निघाले. मी ओरडलो, "शेठ, नळाचं नको. म्युन्सिपालटीच्या पाण्यात औषध असतं, उरलेले पण जातील." शेठनी नळी हातात धरली ती तशीच.

मी नि शांताराम सतरंजीवर बसून पंप जोडत होतो. एक सांगतो, त्याने भाग इतके व्यवस्थित मांडले होते की एकही नट शोधावा लागला नाही. त्याचा हात कापत नव्हता. डोळ्यांतून पाणी मात्र येत होतं, ते तो पुसत नव्हता.

बा बाहेर आल्या. काठावर पाटावर बसल्या. काळा मासा त्यांच्याजवळच तरंगत होता. त्यांनी हात जोडले आणि त्याच्याकडे बघून नवकार म्हणायला लागल्या. मरत्या जिवाच्या कानावर तो मंत्र पडावा अशी त्यांची रीत. माशाला कान कुठे असतात मला माहीत नाही. पण एका बाजूला सुगंधा ओल्या साडीत कळशा ओततेय, दुसऱ्या बाजूला बा मंत्र म्हणतायत, मध्ये ते रंगीत मासे तोंड उघडून. मी हातात पाना घेऊन बघतच राहिलो. शांतारामने माझ्या गुडघ्यावर थाप मारली तेव्हा भानावर आलो.

दुपार कलताना एक नंबर चालू झाला. पाणी वरून पडलं. काळा गेला होता. बाकीचे हळूहळू खाली गेले, शेपट्या हलवायला लागले. महाराजाने सगळ्यांना चहा केला. शेठ म्हणाले, एकावर निभावलं. दसऱ्याला आम्ही एकमेकांना सोनं दिलं. मी मात्र त्या वाळलेल्या दगडांकडे बघत होतो. ते परत पिंपात भरले, पण दगड मेलेले होते. त्यांच्यावर आता काहीच राहत नव्हतं. पाणी फिरत होतं, पण विष खाणारं कुणी नव्हतं.

आणि तसंच झालं. दोन दिवसांनी सोनेरी गेला. मग एकेक. सकाळी शांताराम फोन करायचा, नुसतं "भावोजी" म्हणायचा, की मला कळायचं. लोकांना वाटतं मासा दम कोंडून मरतो तेच खरं मरण. पाणी स्वच्छ, पंप चालू, हवा भरपूर, आणि मासा आतून जळून मरतो, हे बघणं जास्त वाईट.

मी मुलुंडच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांच्या तळ्यालाही मी तसंच दगडांचं पिंप बसवून दिलं होतं. म्हटलं, तुमच्या तळ्याच्या पिंपातले शेवाळलेले दगड द्या. ते म्हणाले, "दगड मागायला आलेला पहिलाच माणूस. न्या." ओल्या गोणपाटात बांधून रिक्षात टाकले. रिक्षावाला भांडुपला थांबला नि म्हणाला, "चाचा, क्या मर गया है इसमें?" मी म्हटलं, "मरा नहीं है, जिंदा है, इसी लिए जल्दी चला." तो नाकाला रुमाल बांधून चालवत राहिला. ते दगड पिंपात टाकले, त्यांच्यावरचा थर हळूहळू बाकीच्यांवर पसरला. पण तोवर दोनच मासे उरले होते. ते जगले.

शेठनी मला पोर्चमध्ये बोलावलं. "मिस्त्री, तुमी चांगला मानस हाय. पन तुमचा सालाला मी ठेवू नाय शकत."

बा झोपाळ्यावर होत्या. म्हणाल्या, "त्याला काढायचं नाही. त्याने पूजा केली, शिकार नाही केली." मग माझ्याकडे वळल्या. "मिस्त्रीभाई, मासे गेले ते मी मोजले. दगडांवर राहत होते ते? तेसुद्धा गेले?"

मला खोटं बोलता आलं असतं. "गेले, बा," मी म्हणालो.

"किती असतील?"

"मोजता नाही येत."

बांनी झोपाळा पायाने थांबवला. मग सुनेला, शेठच्या बायकोला, म्हणाल्या, "मी तेला करते." तेला म्हणजे लागोपाठ तीन उपास. खायचं काही नाही, दिवसा उकळलेलं पाणी, तेवढंच. आपल्या घरात एवढे जीव गेले, त्याचं प्रायश्चित्त. शेठ विनवायला लागले, बा, तुमचं वय बघा, तुमचं ब्लडप्रेशर बघा. बा झोपाळ्यावरून उठून आत गेल्या.

नोकरी राहिली म्हणून मी सुटलो असं समजून मागे आलो. शांतारामला सांगितलं. वाटलं, त्याला बरं वाटेल, तर त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "म्हातारी माझ्यापायी उपाशी बसली?" एवढंच म्हणाला. आणि पिशवी काढून कपडे भरायला लागला.

मी हादरलो. "अरे, काढलं नाही तुला. राहा म्हणतायत."

"काढलं असतं तर बरं झालं असतं, भावोजी. शिव्या घातल्या असत्या, पोलिसात दिलं असतं. हे नाही बघवत."

"मुली शाळेत जातात तुझ्या. कुठे नेशील त्यांना?"

"गावाक."

"गावाक काय ठेवलंय? दगड?"

शेवटी एवढंच ठरलं की बांचा उपास सुटेपर्यंत थांबायचं, मग निघायचं. तो थांबला. पंपाजवळ स्टुलावर बसून राहायचा, पिशवी भरलेली दाराशी. मी रोज संध्याकाळी यायचो, पाणी बघायचो, दगडांवर बोट फिरवायचो, त्याला दोन शिव्या द्यायचो, जायचो.

बांच्या उपासाच्या शेवटच्या दिवशी सुगंधा आली. मला म्हणाली, चला आत. बा पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ सुकलेले. सुगंधा खाली बसली. त्या दोघींचं एक होतं, बा गुजराती बोलायच्या, ही मालवणी, आणि जमायचं.

"उद्या तुमचा पारणा," सुगंधा म्हणाली. पारणं म्हणजे उपास सोडणं. "ता माज्या भावाच्या हातान करा."

मी तिच्याकडे बघितलं. ज्याने जीव मारले त्याच्या हातून? कुणाच्या घरात काय बोलावं याला काही माप असतं की नाही? बांची सून तर दारातच थिजली.

बा म्हणाल्या, "पारणं घरचं माणूस करवतं, सुगंधाबेन."

"तो तुमच्या आवारात रवता. तुमचा पाणी बगता. घरचो नाय तर कोणाचो?"

बांनी डोळे मिटले. मला वाटलं रागावल्या. मग म्हणाल्या, "पाठव त्याला. आंघोळ करून ये म्हणावं."

सकाळी शांताराम ऐकेना. दाराच्या चौकटीला धरून उभा. "बाय, माका नको. ज्या हातान मारलंय त्याच हातान पाजू?"

"त्याच हातान," सुगंधा म्हणाली. "दुसरो हात खयसून आणतलंस?"

ऊन वर आल्यावर सगळे बांच्या खोलीत जमले. सुनेने वाटीत मुगाचं पाणी आणलं, चमचा दिला. शांताराम पलंगाजवळ गुडघ्यांवर बसला. साच्यावर तुटलेला धागा डोळे मिटून जोडणारा माणूस, त्याचा चमचा वाटीवर वाजत होता. बांनी तोंड उघडलं. एक चमचा. दोन. तिसऱ्याला त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"तू कधी जेवलास?"

शेठ म्हणाले, "बा, जेवला असेल."

"जेवक नाय," दारातून सुगंधा म्हणाली. "तुमी उपास धरलात, त्या दिसापासून त्येनाय धरलोहा."

त्या अंगणात मी रोज आलो होतो. त्याच्यासमोर उभा राहिलो होतो. पाणी तपासलं, दगड तपासले, पंपाचं बेअरिंग हाताने चाचपून बघितलं. त्याचे गाल बसलेत हे मला दिसलं नव्हतं. त्याच्या बायकोने सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं.

बांनी सुनेकडून दुसरी वाटी मागवली. आपल्या हाताने मुगाचं पाणी तिच्यात ओतलं, थोडं चादरीवर सांडलं. वाटी त्याच्यापुढे धरली. "पी. दोघांचं एकदम होऊन जाऊ दे."

तो प्याला. वाटी खाली ठेवली. नाक वर ओढलं, उठला आणि कुणाकडे न बघता मागच्या दाराने खोलीकडे गेला. मी मागोमाग गेलो, म्हटलं आता काय करतोय. तो पिशवीतून कपडे काढून एकेक खुंटीला लावत होता.

परतताना मी सुगंधाला विचारलं, "तुला कसं कळलं, तो जेवत नाही ते?"

"भाव आसा माजो," ती म्हणाली. "आणि मी त्येच्याकडे बगी होतंय. तुमी पंपाकडे बगी होतात."